शेल्फवरचे दात

६ फेब्रुवारी

दादा,

वर 'तीर्थरूप' लिहिणार होते, बाबांनी लहानपणी शिकवलं होतं तसं. हात वळला नाही. 'प्रिय' तर सोडूनच दे.

तुझी मेल मिळाली. उत्तर कागदावर देतेय, कारण तू मेल कशी वाचतोस ते मला माहीत आहे. पहिली ओळ, शेवटची ओळ, आणि खाली 'नोंद घेतली'. कागद निदान हातात धरावा तरी लागतो.

तर तू खोलीच्या भाडेकरारावर सही करणार नाहीस. का, तर 'सही करणं म्हणजे तुला माझ्याच हाताने खड्ड्यात ढकलणं'. वा! त्या खोलीत बाबांनी तीस वर्षं लोकांच्या कवळ्या केल्या, त्यातून तुझं कॉलेज झालं, तुझा पहिला सूट शिवून झाला. तेव्हा तो खड्डा नव्हता. मी जाऊन बसले आणि खड्डा झाला.

करार तुझ्या नावावर आहे तो तू काही कमावलास म्हणून नाही. तू एकवीस वर्षांचा झालास त्या दिवशी बाबा हौसेने तुला खोलीमालकीणबाईंकडे घेऊन गेले आणि स्वतःचं नाव काढून तुझं घातलं. पोरगा आता मोठा झाला म्हणून. त्यानंतर तू त्या खोलीत किती वेळा आलास? दर तीन वर्षांनी, सहीपुरता. या वेळची मुदत ३१ मार्च आहे. त्या दिवसापर्यंत कागद पोचला नाही तर बाई खोली शेजारच्या मोबाइलवाल्याला गोदामासाठी देणार आहेत. तो टपूनच बसलाय. रोज सकाळी नजरेने आमच्या भिंती मोजतो.

तू म्हणतोस मंदी तात्पुरती आहे, मी 'रांग सोडू नये'. कुठली रांग रे? आमची रांग अकरा मिनिटांत संपली. त्रेचाळीस जणांना कामावरून काढायला एका ऑनलाइन मीटिंगला बोलावलं आणि सगळ्यांचे आवाज आधीच बंद करून ठेवले, म्हणजे कुणाला 'का' विचारायचीही सोय नव्हती. माझ्या शेजारची, ती टेबलावर निवडुंग ठेवायची ती, स्क्रीनवर नुसती तोंड हलवत होती. ती आता लिफ्ट दुरुस्तीचा कोर्स करतेय. परवा भेटली, हातांना ग्रीस, आणि चार वर्षांत मी तिला इतकं पोट धरून हसताना पाहिलं नव्हतं. तिच्या घरचेही बोलत नाहीत तिच्याशी. तुझ्यासारखे खूप आहेत.

मी सात महिने अर्ज केले. 'आपली पात्रता उत्तम आहे, परंतु' यातल्या 'उत्तम' आणि 'परंतु' या दोन शब्दांच्या मधे मी राहत होते. मग एक दिवस बाबांच्या समोरच्या स्टुलावर बसले आणि मेण तापवायला घेतलं. कुणी बस म्हटलं नव्हतं. दुपारी डोकं वर केलं तर चार वाजले होते. त्या सात महिन्यांत पहिल्यांदा मला वेळ कळला नव्हता.

हे तुला कळणार नाही. सही कर.

तुझी (नाइलाजाने) बहीण,
खडू

ता. क. बाबा छान आहेत.


१९ फेब्रुवारी

दादा,

मुद्दे क्रमांक एक ते सहा वाचले. खाली तीन परीक्षांची माहिती जोडलीस, आभारी आहे. त्याचे प्रिंट काढून ठेवले होते, प्लास्टर सांडलं तेव्हा पुसायला उपयोग झाला.

मुद्दा चारमधे तू लिहिलंस की मी 'भावनेच्या भरात एका मरणाऱ्या धंद्याला चिकटले आहे'. आणि मावशीला काय सांगितलंस? मी 'थोडा ब्रेक घेतला आहे'. मावशीने मला फोन करून विचारलं, ब्रेक संपला की नाही. तुला माझी लाज वाटते ना, मग सरळ सांग तिला: माझी बहीण कवळ्या बनवते. जीभ झडणार नाही तुझी.

आणि उंटावरून शेळ्या हाकणं आता बंद कर. तू तिकडे दूर चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमधून सांगणार, मी इथे ऐकणार. कॉलेजला कुठला विषय घ्यायचा, तू सांगितलंस. कुठली कंपनी, तू सांगितलंस. तुझा तो तक्ता आठवतो? जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पट्टीने रेघा मारून. नोकरी लागल्यापासून पाच वर्षांत टीमची प्रमुख, सातव्या वर्षी स्वतःचा फ्लॅट, दहाव्या वर्षी परदेश. माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलास आणि मी रोज कपडे काढताना तो वाचत मोठी झाले. त्यात एकही चौकोन असा नव्हता की 'मला काय आवडतं'. जागा उरली नसेल.

तू विचारलंयस की मला हे काम येतं तरी का. येतं. पण सुरुवातीला माती खाल्ली, तेही सांगते, म्हणजे तुला आनंद होईल.

बँडवाले काका आले होते. चाळीस वर्षं तुतारी वाजवली, आता वरचे सगळे दात गेलेले. मी त्यांची कवळी केली. एकेक दात पट्टी लावल्यासारखा सरळ, मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना अगदी सारखा. बाबांनी पाहिली आणि परत माझ्या हातात दिली. काका घालून घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी कवळी रुमालात बांधून परत. म्हणाले, "पोरी, काम सुबक आहे. पण घरी हिला हसून दाखवलं तर ही दार लावून आत गेली."

तेव्हा बाबांनी विचारलं, हसतानाचा फोटो मागितला होतास का. मी नव्हता मागितला. तुला आठवतंय ना, बाबा कुठलीही कवळी करायच्या आधी जुना फोटो मागतात, आणि माणसाचा जो दात वाकडा होता तो तसाच वाकडा बसवतात. फट होती तर फट ठेवतात. घरच्यांना हसू ओळखता यायला हवं, एवढंच म्हणतात. काकांचा फोटो आला. पुढचा एक दात चक्क दुसऱ्यावर चढलेला. मी तीन दिवस बसून तो चढवला. काकू स्वतः आल्या, बघितलं, आणि काकांना परत परत हसायला लावलं.

तुझ्या तक्त्यात असा दिवस कुठल्या चौकोनात होता, सांग.

३१ मार्च. लक्षात ठेव.

खडू

ता. क. हो, बाबा माझं काम तपासतात. हो, बाबा स्वतःही करतात. किती वेळा विचारशील?


३ मार्च

हे पत्र मी दोनदा फाडलं. तिसरं पाठवतेय, त्यामुळे यात जे आहे ते गाळून उरलेलं समज.

तू खोलीमालकीणबाईंना फोन केलास. मला नाही, बाबांना नाही, परस्पर बाईंना. आणि सांगितलंस की आम्हाला खोली ठेवायची नाही, वाट बघू नका. 'आम्हाला'? बाईंना बिचाऱ्यांना काय करावं कळेना, त्या चपला न घालता खाली आल्या मला विचारायला. म्हणाल्या, पाऊण तास बोलत होता तुझा भाऊ, मुलगा काळजीचा आहे. मंगळवारी भर दुपारी पाऊण तास! मला तर तू दोन मिनिटांवर कधी वेळ दिला नाहीस. मीटिंग आहे, मीटिंग आहे.

बाईंना मी हात जोडले. त्या म्हणाल्या, ३१ तारखेपर्यंत थांबते, पण सही त्याचीच लागेल.

रविवारी तू फोनवर बाबांना म्हणालास की ऑफिसात नवीन प्रकल्प आलाय, फार दगदग आहे. बाबा 'हो का, हो का' करत होते. मी शेजारीच बसले होते. एवढ्या दगदगीत आमची खोली घालवायला मात्र तुला सवड मिळाली.

आता तू जिंकलास असं तुला वाटतंय, तर मी लपवलेली एक गोष्ट सांगून टाकते. नाहीतरी कुणीतरी सांगेलच आणि तू म्हणशील, बघा, खोटं बोलत होती.

बाबांनी वर्षभरात एकही कवळी केलेली नाही. हात थरथरतात. मेणाची सुरी धरली की टोक दातावर नाही, दाताच्या आजूबाजूला फिरतं. मागच्या वर्षी एका बाईंची कवळी त्यांच्या हातून मधोमध चिरली, तेव्हापासून त्यांनी सुरी टेबलावर ठेवली ती ठेवलीच. डॉक्टरांकडून येणारं सगळं काम मी करते. बाबा समोर बसतात, अंगठा फिरवून बघतात, आणि कुठे खुपतं ते सांगतात. डोळ्यांपेक्षा त्यांचा अंगठा चांगला आहे. डॉक्टर मंडळींना वाटतं बाबाच करतात. मी तसं वाटू दिलं.

मी तुला का नाही सांगितलं? कारण तू पहिलं वाक्य बोलला असतास, "मग आता खोली कशाला हवी?" बोलला असतास की नाही? खरं सांग.

खोली यासाठी हवी की सकाळी नऊ वाजता बाबांना कुठेतरी जायचं असतं. शर्ट इस्त्री करून ते त्या खोलीत जातात. आणि यासाठी हवी की मलाही जायचं असतं. मी हे काम बाबांवर दया म्हणून करत नाही. मला ते करायचंय. पुढची तीस वर्षं करायचंय. मंदी उद्या सकाळी संपली आणि त्या कंपनीने दारात गाडी पाठवली तरी मी बसणार नाही. इतकं साधं वाक्य आहे, आणि तुझ्यामुळे मला ते कागदावर शाई खर्च करून लिहावं लागतंय.

तू माझं नशीब खराब केलंस असं मी आजवर कुणाला म्हटलं नाही. सही केली नाहीस तर म्हणेन. सगळ्यांना म्हणेन.

खडू


१५ मार्च

हे पत्र मी टपालात टाकत नाहीये. कुठल्या पत्त्यावर टाकू?


२१ मार्च

दादा,

आधी हे सांगते की मी तुझ्या मागावर नव्हते. तू स्वतःच आलास, प्लास्टर होऊन.

शेजारच्या शहरातल्या डॉक्टरीणबाई जानेवारीपासून आमच्याकडे काम पाठवतात, कारण त्यांच्या गावातली दातांची लॅब बंद पडली. तुला ते माहीत असायचं कारण नाही. रुग्णाचं नाव त्या लिहीत नाहीत, नंबर लिहितात. १४ तारखेला त्यांच्याकडून दातांचे ठसे आले, त्यासोबत चिठ्ठी. पुरुष, वय एकतीस. झोपेत दात खातो, जबडा दुखतो, नाइटगार्ड, म्हणजे रात्री दातांवर चढवायची पट्टी, करून द्यावा. चिठ्ठीवर त्या सगळं लिहितात, फार नीटनेटक्या आहेत. व्यवसायाच्या पुढे लिहिलं होतं: आठ महिने काम नाही.

मी ठशांत प्लास्टर ओतलं, इतर कुणाचंही ओतते तसं. वाळल्यावर सोडवलं आणि हातात घेतलं.

वरच्या पुढच्या दाताचा कोपरा उडालेला. तो मी पाडला होता. मी सहा वर्षांची, तू अकराचा, याच खोलीतल्या स्टुलावरून तुला ढकललं होतं. उजवा सुळा थोडा वळून बाहेर बघणारा, कारण तार काढल्यावर रोज घालायची पट्टी तू महिनाभरात गच्चीवरून फेकून दिलीस. तरी मी स्वतःला समजावलं की असे दात पुष्कळांचे असतात. मग शेल्फवर गेले.

इतरांच्या घरी दाराच्या चौकटीवर मुलांची उंची मापतात. बाबा दरवर्षी परीक्षा संपली की आपले दात मापायचे. तुझे सहाव्या वर्षापासून सतराव्यापर्यंत बारा साचे, खालच्या फळीवर माझे बारा. तो गुलाबी चिकट लगदा तोंडात घेऊन तू मला डोळे वटारून हसवायचास आणि माझा ठसा दर वेळी बिघडायचा. मी तुझा बारावा साचा खाली काढला आणि नवा शेजारी ठेवला. सुळा तोच, कोपरा तोच. फक्त सतराव्या वर्षी ज्या दाढांना टेकड्या होत्या, त्या आता सपाट झाल्यात. टेबलासारख्या सपाट. एकतिसाव्या वर्षी. मी पंच्याहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यांचे दात याहून चांगले पाहिलेत.

मला आधी आनंद झाला. हे मी लपवणार नाही. मला वाटलं, बरं झालं. मला रांगेत उभं राहायला सांगतो, आणि स्वतः आठ महिने रांगेतून बाहेर! कसला प्रकल्प, कुठली दगदग! चौदाव्या मजल्यावरचा फ्लॅट सोडून तू आमच्यापासून दीड तासावर एका खोलीत राहतोस, आणि माझी पत्रं त्या फ्लॅटमधला तुझा रूममेट पाकीट बदलून तुला पाठवतो. त्याला मी फोन केला. बिचाऱ्याला खोटं बोलता येत नाही, तुझ्यासारखं. पत्ताही त्यानेच दिला.

साचा मी प्लास्टरच्या डब्यामागे लपवला. बाबांपासून. पण बाबांचं तुला माहीत आहे, त्यांच्या हाताला टेबलावरची प्रत्येक वस्तू लागते. दुसऱ्या दिवशी मी पाणी आणायला गेले आणि परत आले तर ते साचा मांडीवर घेऊन बसले होते. अंगठा दाढांवरून फिरवत होते. खूप वेळ.

मग म्हणाले, "हा आपला आहे."

मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. ते म्हणाले, "फार झिजलाय. मऊ पट्टी कर. कडक केलीस तर अजून जोर लावेल."

बस, इतकंच. तू कुठे आहेस, का आहेस, किती दिवस, काही विचारलं नाही. मी चिठ्ठी पुढे केली तर चष्माही लावला नाही. आणि मग रविवारी तुझा फोन आला. तू प्रकल्पाबद्दल सांगितलंस, बाबा 'हो का, हो का' म्हणाले. आणि मग म्हणाले, "चावताना दुखतं का रे?" फोन स्पीकरवर होता. तू विचारलंस, "का?" बाबा म्हणाले, "सहज."

तेव्हापासून माझा राग कुठे ठेवावा ते मला कळत नाहीये. अजून आहे तो, काळजी करू नकोस. तू माझ्या पाठीमागे बाईंना फोन केलास तो मी विसरणार नाही. पण आता मला दिसतंय की आई गेली तेव्हा तू एकोणीस वर्षांचा होतास. त्याच आठवड्यात तू तो तक्ता काढलास. बाबा नुसते बसून असायचे, मी चौदा वर्षांची, आणि तू पट्टी पेन्सिल घेऊन जमिनीवर पालथा पडून रेघा मारत होतास. तुझा स्वतःचाही एक तक्ता असणार. तो तू कुठल्या दाराला चिकटवलास, आम्हाला कधी दिसला नाही. त्यात एकतिसाव्या वर्षी काय लिहिलं होतं?

माझा एक तक्ता मोडला तर मी तो बोलून, ओरडून, तुला शिव्या घालून मोडला. तू तुझा झोपेत चावत बसलास.

आता कामाचं.

या डबीत पट्टी आहे. मऊ केली आहे. एक खरं सांगायचं तर पहिल्यांदा मी डावीकडे मुद्दाम केसभर उंच ठेवली होती. तुझा जबडा आठवडाभर ठणकला असता आणि डॉक्टरीणबाईंनाही कारण सापडलं नसतं. चाकावर पॉलिश करून डबीत भरलीसुद्धा. मग परत काढली आणि घासून सारखी केली. बाबांनी अंगठा फिरवला आणि माझ्याकडे बघितलं. काय झालं होतं ते त्यांना कळलं असणार.

डबी गुंडाळायला कागद हवा होता, म्हणून कपाटाच्या दाराचा काढला. उलटा घातलाय, रेघा आत आहेत. १५ तारखेचं अर्धवट पत्रही त्यातच आहे, आणि तळाशी घडी केलेला कराराचा कागद. जिथे सही करायची तिथे पेन्सिलीने फुली मारली आहे. ३१ तारखेच्या आत हा कागद आला नाही, तर १ तारखेला मी टेबल, चाक, शेल्फ आणि बाबा असं सगळं टेम्पोत घालून तुझ्या त्या एका खोलीत आणून उतरवीन. चेष्टा नाही करत. टेम्पोवाल्याशी बोलून ठेवलंय.

तुला नोकरी लागो, न लागो, त्याबद्दल मी तुला एकही मुद्दा लिहून पाठवणार नाही. तेवढं मी तुझ्याकडून शिकले नाही. फक्त एक सांगते, समोरच्या तिसऱ्या स्टुलाचा पाय मी दुरुस्त केलाय.

पट्टी पहिले तीन दिवस परकी वाटेल, लाळ सुटेल, ते चालायचंच. चौथ्या दिवशीही कुठे लागलं तर डॉक्टरीणबाईंकडे जाऊ नकोस. त्या परत माझ्याकडेच पाठवतील. सरळ इकडे ये, घासून देते.

तुझा तेरावा साचा शेल्फवर ठेवला आहे, बाराव्याच्या शेजारी. त्याच्या तळाशी तारीख घालायची होती. बाबांनी सुरी उचलली, वर्षभरात पहिल्यांदा. मी म्हटलं, आणा, मी घालते. दिली नाही. अर्धा तास लागला. अक्षरं वेडीवाकडी आली आहेत, पण वाचता येतात.

खडू